शालिनी साळवे, अजून नर्स नाही

२०२३ साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा. हॅनोव्हरला पोराकडे राहायला आल्यानंतरचा माझा दुसरा हिवाळा होता, आणि बिल्डिंगसमोरचा बर्फ झाडायची पाळी त्या आठवड्यात आमच्या घराची होती. राजू म्हणाला, "आबा, ऑफिसला जायच्या आधी मी झाडतो. तुम्ही खाली उतरू नका." मी जन्मभर गवंडीकाम केलं. परांचीवर उभा राहून चौथ्या मजल्याचं प्लास्टर केलेला माणूस दारातल्या फरशीला काय भितो? उतरलो. फावडं घेतलं, थोडा बर्फ बाजूला ओढला, आणि कुल्ल्यावर आपटलो. खुब्याचं हाड मोडलं.

शालिनी साळवे मला त्या आपटण्यातून भेटली.

ऑपरेशन झाल्यावर मला म्हाताऱ्यांच्या वॉर्डात नेलं होतं. सकाळी एक उंच गोरी पोरगी पाण्याचं घमेलं घेऊन आली आणि माझ्या सदऱ्याचे बंद सोडायला लागली. मी तिचा हात धरला. ती काहीतरी गोड बोलली. मी तिच्यापेक्षा मोठ्यानं बोललो. मला जर्मन येत नाही, तिला मराठी येत नाही, तेव्हा तोंडाला येईल ते मी मोकळ्या मनानं बोलत होतो. तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून आवाज आला.

"आजोबा, ह्या शिव्या कोरेगावच्या का वडूजच्या?"

पडदा सरकला. ठेंगणी, सावळी बाई. पंचेचाळिशीच्या आसपासची. कानाजवळचे केस पांढरे, अंबाड्यात पेन खोचलेलं, आणि छातीवर पिनेला उलटं टांगलेलं छोटं घड्याळ.

"वडूजच्या," मी म्हणालो. "तुला कसं कळलं?"

"माझे मिस्टर पुसेगावचे होते. तापले की हेच शब्द. त्या पोरीला कळत नाहीत म्हणून बरंय, पण शेजारच्या आजोबांचं ब्लडप्रेशर वाढायला लागलंय तुमच्या आवाजानं."

"तू नर्स का?"

"अजून नाही."

"मग डॉक्टर?"

"नाही हो."

"मग इथं काय करतेस?"

"तुमची पाठ पुसते. वळा."

मी म्हटलं, परक्या बाईकडून मी अंग पुसून घेणार नाही. ती म्हणाली, "आपल्याकडे हे काम सुनेचं नाहीतर मावशीचं. नर्स फक्त इंजेक्शन घेऊन येते. इथं तसं नाही. इथं मोठी शिकलेली नर्सही पुसते. पुसता पुसताच तिला कळतं, कातडी कुठं लाल झालीय, माणूस कुठं कळवळतोय. तुम्ही भिंतीवरनं हात फिरवता ना प्लास्टर झाल्यावर? तसंच आहे. वळा आता, पाणी गार होतंय."

मी गवंडी आहे हे तिला कुणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक. नंतर कळलं, कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या बोटांच्या पेरांत सिमेंटनं खाल्लेल्या जागा तिनं बघितल्या होत्या.

वळलो.

ही बाई अहिल्यानगरची. तिकडे नर्सिंग कॉलेजात शिकवायला होती. तीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा, त्यावर बी.एस्सी., त्यावर एम.एस्सी. मला आधी वाटलं, बाई थापा मारतेय. एम.एस्सी. झालेली मास्तरीण म्हाताऱ्यांची भांडी का उचलेल? पण तिला थापा मारता येत नव्हत्या. तो तिच्यातला दोषच होता म्हणा ना.

तिनं मला हा सगळा प्रकार समजावला, आणि मी तो माझ्या धंद्यातून समजून घेतला. आमच्यात बिगारी असतो, गवंडी असतो, मिस्त्री असतो. बिगारीला सगळं दिसत असतं, पण ओळंबा त्यानं हातात धरायचा नाही. आमच्यात मात्र बिगारीचा हात बसला की मिस्त्री एक दिवस त्याच्याकडे थापी फेकतो आणि तो गवंडी होतो. माझंही तसंच झालं. जर्मनीत थापी कुणी फेकत नाही. इथं खाली मदतनीस, त्याला म्हणायचं फ्लेगेहेल्फर. त्याच्यावर तीन वर्षं शिकलेली नर्स, फ्लेगेफाखफ्राऊ. तिच्यावर अतिदक्षता विभागाचं वेगळं शिक्षण घेतलेली, वॉर्ड चालवणारी, कॉलेजातून पदवी घेतलेली. पेशंटला काय सेवा लागणार हे ठरवायचं, तिची आखणी करायची, ती नीट झाली का ते तपासायचं, ही कामं कायद्यानं फक्त परवान्याच्या नर्सची. मदतनिसानं त्यात हात घालायचा नाही. बाहेरच्या देशातून कितीही शिकून आलात तरी इथलं सरकार तुमचे कागद तपासतं, काय कमी आहे ते सांगतं, आणि बहुतेकांना परीक्षा द्यावी लागते. ती पास होईपर्यंत तुम्ही मदतनीस.

"आणि बाळंतपणं?" मी विचारलं. तिच्या तिकडच्या परवान्यावर नर्स आणि दाई दोन्ही लिहिलेलं होतं, असं ती म्हणाली होती.

"ती विसरायची. इथं सुइणीचं शिक्षण वेगळं, परवाना वेगळा. इथं मी बाळाला हातही लावू शकत नाही."

"म्हणजे तू तिकडं मिस्त्री. विमानात बसलीस आणि उतरलीस ती बिगारी होऊन."

"गेनाऊ," ती म्हणाली. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. हा शब्द ती फार वापरायची, आणि तो म्हणताना हसायची नाही.

तिच्या सवयी सांगतो. नळ ती हातानं बंद करायची नाही, कोपरानं करायची. आमच्या घरी यायला लागल्यावरही. आमचा नळ फिरवायचा होता, कोपरानं बंद होणारा नव्हता, तरी ती मनगट घासून कसाबसा बंद करायची. कुणाचा हात हातात घेतला की तिची तीन बोटं आपोआप नाडीवर जायची. राजूची बायको मेघना तिला पहिल्यांदा भेटली तेव्हा हात मिळवताना शालिनी म्हणाली, "चहा कमी करा, धडधडतंय." चादरीचा कोपरा तिरका दुमडलेला दिसला नाही तर तिला बसवायचं नाही. आमच्या पाहुण्यांच्या पलंगाची चादर ती दर वेळी नव्यानं घालायची आणि म्हणायची, "राग मानू नका हं मेघना, हे मला दिसतं." आणि एक वाक्य तिच्या तोंडात सारखं असायचं: लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही. तिच्या विद्यार्थिनींना ती हे शिकवायची. मी म्हणायचो, "मी बांधलेल्या एकाही घरावर माझं नाव लिहिलेलं नाही, मग ती घरं बांधलीच नाहीत का?" ती म्हणायची, "आबा, घर उभं दिसतं. सेवा दिसत नाही. माणूस बरा होऊन घरी गेला की सेवा कुठं उरते?"

 

मानी होती. माझ्याइतकीच. तो किस्सा सांगितलाच पाहिजे. मी काठीवर चालायला लागल्यावर राजूनं तिला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बोलावलं. ती ख्रिस्ती, पण म्हणाली, तिळगूळ कुणाचाही खाते. मंडळाच्या बाईंनी माइकवर सगळ्यांची ओळख करून दिली. कोण कुठल्या गाड्यांच्या कंपनीत, कोण कुठल्या सॉफ्टवेअरात. हिच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "आणि ह्या आपल्या नर्सताई! आता कुणाला ताप आला तर काळजी नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शालिनीनं उठून माइक मागून घेतला.

"मी इथं नर्स नाही," ती म्हणाली. "मदतनीस आहे. ह्या देशात परवाना नसताना स्वतःला नर्स म्हणवून घेणं कायद्यात बसत नाही. परवाना मिळाला की मी स्वतः येऊन सांगेन. तोपर्यंत कुणी मला सिस्टर म्हणू नका."

एक पोरगं काय ते जर्मनमध्ये विचारत होतं, त्याच्या आईनं त्याला दटावलं. परत येताना ट्राममध्ये मेघना म्हणाली, "शालिनीताई, एवढं कशाला? प्रेमानं म्हणाल्या त्या."

"प्रेमानं म्हणाल्या म्हणून तर. उद्या मला ते आवडायला लागेल."

मी त्या दिवशी मनात म्हटलं, ही बाई माझ्या जातीची आहे. जातीची म्हणजे तसली नव्हे. एका इंजिनियरनं साइटवर सगळ्यांसमोर मला "ए" म्हणून हाक मारली होती, तेव्हा मी कालवलेला माल तसाच टाकून घरी आलो होतो. त्या जातीची.

तिची पहिली परीक्षा माझ्या पडण्याच्या आधीच होऊन गेली होती. त्यात ती नापास झाली होती, आणि नापास कशानं, ते तिनं आमच्या स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता सांगितलं. ही परीक्षा म्हणजे खरा वॉर्ड, खरा पेशंट. दोन परीक्षक भिंतीला टेकून उभे. पेशंटला काय हवं-नको ते बघायचं, आखायचं, करायचं, आणि का केलं ते सांगायचं. पेशंट म्हणजे एक म्हातारे गृहस्थ होते, शेजारी त्यांची लेक बसलेली. शालिनी आत गेली, म्हाताऱ्यांना नमस्कार केला, आणि लेकीकडे वळून विचारायला लागली. बाबा रात्री झोपतात का? बाबांना दुखतं का? बाबांना काय खायला आवडतं?

"म्हातारा जागा होता?" मी विचारलं.

"जागा. शहाणा. माझ्याकडे बघत होता."

"मग त्याला का नाही विचारलंस?"

तिनं शेंग मोडली, दाणे वाटीत टाकले. "आबा, तुम्ही वॉर्डात होतात तेव्हा राजूभाऊ काय म्हणाले मला? 'ताई, जे काय असेल ते मला सांगा, आबांना नका सांगू.' आपल्याकडं असंच असतं ना? मी वीस वर्षं असंच केलंय. पेशंटला विचारायचं नाही, त्याच्या माणसाला विचारायचं. पेशंटला काय कळतंय, त्याला त्रास नको. मला ते चूक वाटलंच नाही. परीक्षक नंतर म्हणाल्या, खाटेवर माणूस होता, तुम्ही त्याला सामान केलंत."

राजू तिथंच होता. तो फ्रीज उघडून उगाच आत बघत उभा राहिला.

त्या दिवसापासून शालिनीनं मला सामान समजणं पूर्ण सोडलं, असं म्हणायला हरकत नाही. त्याचा मला त्रासच झाला. परीक्षा दुसऱ्यांदा देता येते, पण तिसऱ्यांदा नाही. ती दुसरी जवळ आली होती, आणि तिला सरावाला पेशंट पाहिजे होता. पेशंट मी. सुट्टीच्या दिवशी ती यायची, मला पलंगावर आडवं करायची, मेघना परीक्षक होऊन हातात पेन घेऊन दारात उभी राहायची, आणि शालिनी माझ्याशी जर्मनमध्ये बोलायला लागायची. पांघरूण काढायच्या आधी विचारायचं. हात धरायच्या आधी विचारायचं. खिडकी उघडायच्या आधीसुद्धा विचारायचं. मला कळायचं काहीच नाही. मेघनानं मला दोन शब्द शिकवून ठेवले होते, जा म्हणजे हो आणि नाइन म्हणजे नाही. मी मनाला येईल तसे ते फेकायचो.

एकदा ती विचारतेय आणि मी सारखं नाइन म्हणतोय. ती सगळ्या बाजूंनी विचारून बघतेय, आवाज मऊ करतेय, खाली वाकतेय. मी नाइन. शेवटी मराठीत ओरडली, "अहो आबा, मी पाठ पुसू का विचारतेय!"

"मला कळलं. नाही पुसायची."

"मग मी काय करू?"

मेघना दारातून म्हणाली, "शालिनीताई, पेशंट नाही म्हणाला तर नाही पुसायची. तेच तर बरोबर उत्तर आहे."

शालिनी पलंगाच्या कडेला बसली. बराच वेळ तिला हसू आवरेना. हसताना डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं खांद्यानं पुसलं, हात स्वच्छ धुतलेले होते म्हणून. "वीस वर्षांत मला कुणी पेशंट नाही म्हणालेला नाही," ती म्हणाली. "म्हणजे म्हणाले असतील. मी ऐकलं नसेल."

त्या परीक्षेवर तिचं काय अवलंबून होतं ते आम्हाला ठाऊक होतं. तिची एकुलती एक लेक स्तुती. अहिल्यानगरला आजीकडे राहायची, नर्सिंगच्याच शेवटच्या वर्षाला होती. मिस्टर वारल्यावर शालिनी कॉलेजातली नोकरी सोडून आली ती लेकीला इकडे आणायचं म्हणून. आधी स्वतः नर्स व्हायचं, मग घर घ्यायचं, मग स्तुती. लेक तिकडे जर्मनचे क्लास करत होती. रोज संध्याकाळी फोन यायचा, आणि दोघी आपसात जर्मन बोलायच्या. दोघींचंही मोडकंतोडकं. मेघना दुसऱ्या खोलीतून ऐकून ओठ दाबायची. फोनच्या शेवटी शालिनी मराठीत एकच गोष्ट विचारायची, "जेवलीस का?"

दुसरी परीक्षा मेच्या शेवटी झाली. शालिनी दुपारी येईल म्हणून मेघनानं शिरा केला होता. शालिनी आली, चपला काढल्या, नळाशी गेली, हात धुतले, आणि तशीच नळाकडे तोंड करून उभी राहिली. नळ वाहत होता.

"काय झालं?" मेघना.

"सगळं बरोबर केलं मी," ती म्हणाली. "प्रत्येक गोष्ट पेशंट आजोबांनाच विचारली. पांघरुणाला हात लावायच्या आधी विचारलं. मुलगा बसला होता, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. परीक्षक मान डोलावत होत्या."

मग काय झालं ते तिनं सांगितलं. त्या म्हाताऱ्याच्या हाताला सलाइन लावलं होतं. मध्येच शिरेबाहेर गेलं, हात टम्म फुगला, म्हातारा विव्हळायला लागला. शालिनीनं सलाइन बंद केलं, सुई काढली, इथवर सगळं बरोबर. घंटा वाजवली. नवी सुई घालायची ती डॉक्टरनं, नाहीतर ज्या नर्सला त्याची लेखी परवानगी आहे तिनं. त्या वॉर्डचा तो नियम होता. निरोप आला, डॉक्टर येताहेत, थांबा. त्या बाटलीतून औषध चालू होतं, ते थांबवायचं नव्हतं. म्हातारा दुसरा हात पुढे करून काहीतरी म्हणत होता.

"मी विचारलं, घालू का? ते जा म्हणाले. आणि मग मला कळलंच नाही, आबा. ट्रे समोर होता. माझ्या हातानं घातली. एका झटक्यात लागली. म्हातारे डांके म्हणाले, आभार मानले. मी पट्टी चिकटवत होते तेव्हा मला जाणवलं की खोलीत कुणी बोलत नाहीये."

बाहेर नेऊन परीक्षकांनी विचारलं, तुम्हाला याची परवानगी नाही हे माहीत होतं का? मला वाटतं, त्या बाया वाईट नव्हत्या. घाबरले, गोंधळले, असं काहीतरी ही म्हणेल म्हणून त्या वाट बघत असणार.

"तू काय म्हणालीस?" मेघनानं विचारलं.

"म्हणाले, माहीत होतं. मला येतं म्हणून केलं."

मी काठी आपटली. "बरोबर केलंस!"

"आबा!" मेघना माझ्यावर पहिल्यांदाच ओरडली. "काय बरोबर? काय बरोबर त्यात? एक वाक्य बोलायचं होतं त्यांना, गोंधळ झाला म्हणून. संपलं ना सगळं!"

"खोटं बोलायचं होतं?"

"हो! एकदा बोलायचं होतं!"

शालिनी नळ बंद करत म्हणाली, "भांडू नका. मेघना बरोबर म्हणतेय. तिकडे माझ्या विद्यार्थिनीनं असं केलं असतं तर मीही तिला नापास केलं असतं. नियम आहे तो. माझ्या वर्गात मी हेच सांगायचे."

जे तिला येत नव्हतं ते ती शिकली होती. वीस वर्षांची सवय मोडून, माझ्यासारख्या हेकट म्हाताऱ्यावर सराव करून शिकली होती. घात केला तो जे येत होतं त्यानं. शिरा कुणी खाल्ला नाही.

मी वाट बघत होतो की ती आता सामान बांधून अहिल्यानगरला परत जाईल. मी तिला तसं बोललोही. म्हटलं, "तिथं तुला मॅडम म्हणतात. इथं काय ठेवलंय? माल कालवलेला असला तरी टाकून जायचा असतो."

"आबा, तुमची थापी तुमच्याबरोबर घरी आली. माझ्या जागेवर तिकडे दुसरी मॅडम आली. माझीच विद्यार्थिनी आहे. तिनं मला निरोप पाठवला होता, 'मॅडम, तुमच्या नोट्स वापरतेय.' मी जाऊन तिला काय उठवू?"

"मग इथं तीन वर्षं पहिल्यापासून शीक."

"अठरा वर्षांच्या पोरींबरोबर? नाडी कशी मोजायची ते?" ती म्हणाली. "कदाचित शिकेनही. आत्ता नाही."

मी चिडलो. तिला म्हटलं, तू भित्री आहेस. ती म्हणाली, "असेन." दोन आठवडे आली नाही. मीही फोन केला नाही. मेघना आम्हा दोघांनाही समजावत होती, आणि आम्ही दोघंही ऐकत नव्हतो.

मग कळलं, ती त्या वॉर्डातून निघाली. वॉर्डात सगळ्यांना तिचा निकाल ठाऊक होता, आणि ते सगळे तिच्याशी फार चांगलं वागत होते. ते तिला सहन होईना. उत्तरेला समुद्राजवळच्या एका खेड्यात वृद्धाश्रमात मदतनिसाची जागा मिळाली होती. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या म्हाताऱ्यांना सलाइन फारसं नसतं, असं ती मेघनाला म्हणाली.

निरोप द्यायला आम्ही हाउप्टबानहोफला, म्हणजे इथल्या मोठ्या रेल्वे स्टेशनावर गेलो. जूनचं ऊन होतं. राजूनं तिची मोठी बॅग चढवायला घेतली, ती म्हणाली, "कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा." माझ्याकडे बघितलं, माझ्या काठीकडे बघितलं, आणि काठीच्या खालचं रबर झिजलंय, बदला, म्हणाली.

गाडी यायची होती. मेघना आणि राजू पाणी आणायला गेले तेव्हा ती माझ्या शेजारी बाकावर बसली.

"आबा, स्तुतीला मी अजून सांगितलेलं नाही."

"मग तिला काय सांगितलंयस?"

"निकाल पुढच्या आठवड्यात आहे म्हणून. असे तीन पुढचे आठवडे झाले." तिनं छातीवरचं घड्याळ चाचपलं. साध्या ड्रेसवरही तिनं ते लावलं होतं. "मी किती लोकांना सांगितलंय, आबा. तुमची आई राहत नाही, तुमचं बाळ गेलं, सगळं सांगितलंय. शिकवलंय, कसं सांगायचं ते. बसायचं, डोळ्यांत बघायचं, सरळ सांगायचं. आणि फोन लावला की जेवलीस का याच्या पुढे माझी जीभ उचलत नाही. ती क्लासला जातेय. रोज नवीन शब्द विचारतेय मला." मग म्हणाली, "तुम्ही सांगाल?"

"मी? मला बोलता येतं का? राजूला सांग. नाहीतर मेघनाला."

"ते गोड करून सांगतील. तुम्हाला गोड करता येत नाही."

गाडी आली. मी हो म्हणालो का नाही, मला आठवत नाही. डब्यात चढून ती खिडकीशी बसली. समोरच्या बाकावर एक म्हातारी होती, तिच्या कोटाची बाही खिडकीच्या हुकात अडकलेली. शालिनी उठली, पुढे वाकली, आणि थांबली. म्हातारीला काहीतरी विचारलं. म्हातारीनं मान डोलावली. मग शालिनीनं बाही सोडवली. गाडी हलली तेव्हा तिची बोटं म्हातारीच्या मनगटावर होती आणि ती छातीवरच्या घड्याळाकडे बघत होती. आमच्याकडे तिनं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, आणि खुर्ची ओढून फोनसमोर बसलो. मेघनानं नंबर लावून दिला. तिकडे दुपार झाली होती. पोरीनं उचलला. मी माझं नाव सांगितलं, तुझ्या आईनं माझी पाठ पुसली आहे म्हटलं, आणि तिला खाली बसायला सांगितलं. मग जे झालं ते सगळं सांगितलं. पहिली परीक्षा, दुसरी परीक्षा, सुई, आईनं काय उत्तर दिलं ते, आणि आता तिसरी संधी नाही तेही. मी पदरचं काही घातलं नाही, आणि मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं.

पोरीनं एवढंच विचारलं, आई आता कुठल्या गावात आहे. मला ते नाव नीट म्हणता येईना, म्हणून मी फोन मेघनाच्या हातात दिला.